अखंड निवेदन

"तुमच्या वडिलांनी अख्ख्या निवेदनात एकदाही श्वास घेतलेला नाही," समितीच्या कार्यालयातली बाई फोनवर म्हणाली, आणि तिचा आवाज इतका गोड होता की आधी हे कौतुकच आहे असं वाटलं. दुपारची वेळ होती. रेडिओच्या इमारतीत तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या एडिटिंगच्या खोलीत अप्पांची ही मुलगी बसली होती. एका कानावर हेडफोन, दुसऱ्या कानाला मोबाइल. हेडफोनमध्ये एक निवृत्त न्यायाधीश इच्छामरणाच्या कायद्यावर बोलत होते आणि मोबाइलमध्ये ही बाई त्याच कायद्याचं कलम वाचून दाखवत होती. अर्जदाराचं निवेदन त्याच्या स्वतःच्या आवाजात, अखंड, कुठेही कापाकापी न करता मुद्रित केलेलं असावं. तुमच्या वडिलांचं तसं नाही. आमच्या तांत्रिक विभागाने ऐकलं. फुप्फुसांचा इतका जुना आजार, आणि माणूस बातम्या दिल्यासारखा बोलतोय. सबब निवेदन परत. पुन्हा मुद्रित करून पाठवता येईल, ह्या वेळी खोलीत दुसरं कुणी नको, आणि महिनाअखेरच्या आत पाठवा, कारण त्यानंतर दुरुस्ती लागू होते. कापाकापी कुणी केली असं बाईंनी विचारलं नाही. तिने मात्र आपणहून सांगून टाकलं की कुणीही केलेली नाही, घरी मुद्रित केलं आणि जसंच्या तसं पाठवलं. आणि हे सांगत असतानाच तिचा उजवा हात सवयीने न्यायाधीशांचा एक श्वास पडद्यावर निवडून उडवत होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फोन ठेवल्यावर तिला आठवलं. आठवलं म्हणजे चित्र काही डोळ्यांपुढे आलं नाही, कारण जेवता जेवता केलेली ती गोष्ट होती आणि डोकं तेव्हा दुसरीकडेच होतं. अप्पांचं मुद्रण तिने डब्याचं झाकण काढता काढता पडद्यावर घेतलं होतं, आवाज नीट पोचतोय का एवढंच बघायला. पुढचं हातांनी केलं. धान्य निवडणाऱ्या बाईचं बोट गप्पा मारतानाही खड्यावरच जातं, तसं. किती वर्षं ती हेच करत आलेली: माणसं बोलतात, मध्ये मध्ये श्वास घेतात, घसा खाकरतात, 'म्हणजे' म्हणून पुढे काहीच म्हणत नाहीत, खुर्ची कुरकुरते, चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज येतो, हे सगळं काढून टाकायचं आणि सांधे असे बसवायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, काय सलग बोलतो हा माणूस. कितीतरी मंत्री तिच्यामुळे हुशार ठरलेले आहेत. त्याबद्दल तिचे कुणी आभार मानले नाहीत, कारण हे काम चांगलं झालं तर ते झाल्याचं कळतच नाही. अप्पांना तर ती नेमकं काय करते हे कधीच कळलं नव्हतं. ओळखीच्यांना ते सांगायचे, आमची भिंगरी रेडिओवर असते, पण ऐकू येत नाही. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून भिंगरी. पन्नाशी उलटल्यावर, दिवसभर एका खुर्चीत बसून लोकांचे श्वास उडवणाऱ्या बाईला ते नाव शोभत नाही हे तिने अनेकदा सुचवून पाहिलं होतं. आणि आता ह्याच कौशल्याने तिने, मरायची परवानगी मागणाऱ्या आपल्या बापाला अगदी ठणठणीत करून समितीपुढे उभं केलं होतं. तिला हसू यायला हवं होतं. तिला नुसता वैताग आला, स्वतःचा, त्या गोड आवाजाच्या बाईचा, आणि 'सबब' ह्या शब्दाचाही.

वैतागायला सवडही नव्हती, कारण संध्याकाळी 'दोन बाजू' जायचा होता आणि त्याच्या दोन्ही बाजू अजून लांबीला जास्त होत होत्या. ह्या कार्यक्रमाचा नियम असा की बाजूने दोन, विरोधात दोन, आणि चौघांना सारखा वेळ. कायदा व्हायच्या आधी हेच चौघं भांडत होते, कायदा झाला तेव्हा भांडले, आणि आता वर्ष व्हायच्या आत त्यात दुरुस्ती येतेय म्हणून तेच चौघं, तेच मुद्दे घेऊन, तिच्या पडद्यावर पुन्हा हजर. दुरुस्ती अशी की ज्याचा शेवट सहा महिन्यांत होईल असं डॉक्टर लिहून देतील त्यालाच ही वाट मोकळी, बाकीच्यांना नाही. अप्पांचे डॉक्टर असं काही लिहून द्यायला तयार नव्हते. ही फुप्फुसं अशीच वर्षभर चालतील, किंवा तीन वर्षं, मी काही ज्योतिषी नाही, असं ते म्हणाले होते. म्हणजे ज्याचं मरण दारात उभं आहे त्याला ते लवकर आत घेता येईल, आणि ज्याचं लांब आहे त्याने त्याची वाट बघत बसावं. न्यायाधीश बाजूचे होते, ते सावकाश बोलायचे. नीतिशास्त्राच्या एक प्राध्यापक बाई होत्या, त्या स्वायत्तता म्हणायच्या. आणि विरोधातले एक आमदार होते, ते दर वेळी न चुकता म्हणायचे की म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. निवेदक दर वेळी हसायचा. तिने ती म्हण आजवर तीनदा कापली होती आणि आमदारांनी ती तीनदा पुन्हा आणली होती. कापताना तिच्या मनात दर वेळी एकच यायचं की त्या म्हातारीला कुणी काही विचारलं होतं का. सगळे काळाची काळजी करतात. आणि चौघंही, बाजूचे काय नि विरोधातले काय, सन्मान हा शब्द वापरायचे. पडद्यावर तो शब्द तिला आता ऐकण्याआधीच दिसायचा, मधे फुगीर आणि दोन्हीकडे निमुळता. सन्मानाने जगणं, सन्मानाने मरणं. घरी खुर्चीपासून न्हाणीपर्यंत बोळात अर्ध्या वाटेवर तिने एक स्टूल ठेवलं होतं, अप्पांना तिथे बसून दम घेता यावा म्हणून. त्या स्टुलावर पायजम्याची नाडी हातात धरून बसलेला माणूस सन्मानाने बसलाय की कसा, हे ह्या चौघांपैकी कुणाला विचारावं, तिला कळत नव्हतं.

आमदारांना मापात बसवून झाल्यावर तिने अप्पांची मूळ फाइल उघडली. कापलेले तुकडे कुठे जात नाहीत, झाकले जातात एवढंच. झाकण काढलं की जागच्या जागी असतात. तिने दोन्ही कानांवर हेडफोन घेतला आणि ऐकायला लागली, आणि लगेच काढून ठेवावा असं तिला वाटलं. घरी हा आवाज ती रोज ऐकत होती, पण घरी त्यात ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर असते, नळ असतो, शेजारच्यांचा टीव्ही असतो. इथे श्वास एकटा होता. आधी एक ओढ, वाळूतून काहीतरी खेचल्यासारखी, मग मधेच अडकून थांबणं, मग सोडणं, आणि सोडतानाही ते सगळं बाहेर येत नव्हतं. मग शब्द. 'मला.' पुन्हा ओढ. 'मला प्रत्येक श्वासाचा विचार करावा लागतो.' ओढ, अडकणं, सोडणं. 'दुसरा विचार करायला जागाच उरत नाही.' तिने पाठवलेल्या फाइलमध्ये ही दोन वाक्यं एकापाठोपाठ आली होती, आणि नुसती अशी ऐकली तर ती एखाद्या हुशार माणसाची तक्रार वाटत होती. आता त्यांच्यामध्ये जो काळ गेला तो तिला बसून ऐकावा लागला, आणि त्यात ती स्वतःही श्वास रोखून बसली होती हे तिला नंतर कळलं. सगळ्यात शेवटी, निवेदन संपल्यावर, तिने अर्थातच कापलेला एक तुकडा होता. अप्पा तिच्याकडे वळून म्हणत होते, "झालं एकदा तुझ्या मनासारखं?"

मुद्रणाच्या त्या रविवारी ते हे म्हणाले तेव्हा तिने ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. तिने त्यांना दोनदा खुर्ची सरकवायला लावली होती, यंत्राची घरघर मुद्रणात येत होती म्हणून. उठबस करून दमले होते, म्हणून कुरकुरले. एवढंच. पण एडिटिंगच्या खोलीत, दोन्ही कान बंद करून, तेच वाक्य खुर्चीबद्दल आहे असं ठामपणे म्हणता येईना. तिने ते पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. वाक्य जितकं जास्त वेळा ऐकावं तितकं त्यातलं माणूस नाहीसं होतं आणि नुसता चढउतार राहतो, हे तिला धंद्यातून ठाऊक होतं, तरी ऐकलं. आमदार म्हणतात ते हेच तर नव्हे? म्हातारे लोक घरच्यांच्या मनासारखं व्हावं म्हणून मरायला निघतील. त्या माणसाचं काही बरोबर असू शकतं ही कल्पनाच तिला संतापजनक वाटली.

ती अप्पांकडे राहायला आली होती दोन महिन्यांसाठी. तिचा संसार त्याआधीच, भांडणाबिंडणाशिवाय, दुकान बंद करावं तसा बंद झाला होता; दादा दूर दुसऱ्या शहरात, त्याची मुलं, त्याची नोकरी; मग रिकामी कोण, तर ही. अप्पांनी उभं आयुष्य लोकांना मोटार चालवायला शिकवलं होतं. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि अप्पांचा लौकिक असा होता की ते तो कधी दाबत नाहीत. समोरून ट्रक आला तरी नुसतं 'हं' म्हणायचे. तिला शिकवताना मात्र त्यांनी तो इतक्यांदा दाबला होता की शेवटी तिने रस्त्यात गाडी उभी केली, उतरली आणि चालत घरी गेली. पोटच्या पोरीला शिकवता येत नाही, असं नंतर ते आईला म्हणाले होते. आता उलटं झालं होतं. त्यांनी उठायला हात टेकला की ती उठायची, ते थांबले की ती थांबायची, रात्री यंत्राचा सूर जरा बदलला की ही भिंतीपलीकडे उठून बसलेली. तुझ्या पायाशी ब्रेक दिलाय कुणी, असं ते एकदा चिडून म्हणाले होते. दोन महिन्यांची चार वर्षं झाली. मध्ये तिला दुसऱ्या गावच्या केंद्राची प्रमुख म्हणून बोलावणं आलं होतं, खिडकी असलेली खोली, हाताखाली माणसं. तिने फोनवर नाही सांगितलं, अगदी हळू आवाजात, न्हाणीत उभी राहून. अप्पा त्यावर कधी काही बोलले नाहीत. पण फुप्फुसं गेली तरी कान शाबूत होते त्यांचे, आणि न्हाणीत आवाज घुमतो हे ध्वनीचं काम करणाऱ्या बाईच्याच लक्षात आलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने निवेदन परत आल्याचं सांगितलं. का परत आलं तेही सांगितलं, कारण खोटं रचायचा कंटाळा आला होता. अप्पा ऐकत राहिले आणि मग त्यांना हसू आलं, हसताना खोकला आला, खोकला थांबेना, आणि तो सगळा प्रकार संपून नाकातली नळी जागेवर येईपर्यंत हसण्याचं कारण दोघांच्याही डोक्यातून गेलं होतं. मग ते म्हणाले की रविवारी पुन्हा करू, अंगात जीव आहे तोवर. दादाचा फोन आला तेव्हा तो गाडी चालवत होता. तो नेहमीच गाडी चालवता चालवता घरची चौकशी करायचा, म्हणजे बोलणं नको तिथे गेलं तर सिग्नल आलाय म्हणता येतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात त्यातला उंट तेवढा बदलला होता. त्याला हे सगळं पहिल्यापासून पटलेलं नव्हतं. महिनाअखेर किती लांब आहे हे त्याने विचारून घेतलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू कामात आहेस असं सांग ना त्यांना. आजारी पड. एवढे दिवस काढ फक्त, मग कायदाच नाही म्हणेल. सुंठीवाचून खोकला जातोय तर जाऊ दे." ज्याचा खोकला भिंतीपलीकडून दोघांनाही ऐकू येत होता त्याच्याबद्दल आपण काय म्हण वापरली हे त्याच्या लक्षातही आलं नाही. ती चिडली, नको त्या शब्दांत बोलली, आणि फोन ठेवल्यावर तिला जे कळलं त्याने आणखी चिडली. दादा जे म्हणाला ते तिने दुपारीच मनात करून पाहिलं होतं. गोड आवाजाची बाई 'परत' म्हणाली तेव्हा तिच्या पोटात आधी काय झालं होतं, तर बरं वाटलं होतं. वैताग मागाहून आला. अप्पा नसलेलं घर तिला नको होतं, इतकं ते सोपं होतं, आणि ते कुठल्याच बाजूच्या वेळेत बसणारं नव्हतं.

शनिवारी त्यांचे केस कापता कापता तिने विचारलं. समोरासमोर विचारणं जमलं नसतं. मानेच्या मागे उभं राहून जमलं. "अप्पा, हे तुम्ही माझ्यासाठी करताय का?" कात्री तिने थांबवली नव्हती. अप्पा म्हणाले, "भलतंच काय," आणि डावीकडचे अजून बारीक कर म्हणाले. डावीकडचे बारीकच होते. तिने तरीही कात्री नुसतीच हवेत चालवली, आवाज यावा म्हणून, आणि दोघंही केस कापले जात आहेत असं धरून थोडा वेळ तसेच राहिले. तिला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. ह्या माणसाने ट्रकसमोर 'हं' म्हणून आयुष्य काढलं, आणि आता एवढ्या प्रश्नालाही 'भलतंच'. हो म्हणाले असते तर तिने अर्ज फाडला असता. नाही म्हणाले असते तर तिला झोप लागली असती. तिला ह्या दोन्हींपैकी काहीच मिळालं नाही, फक्त टॉवेलवरचे पांढरे केस झटकायला मिळाले.

रविवारी दुपारी तिने अप्पांची खुर्ची त्यांना हवी तिथे, यंत्राच्या शेजारीच ठेवली. घरघर येते तर येऊ दे. मुद्रण सुरू करून, काही न बोलता, ती स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि दार लावून घेतलं. कायद्याने तीन प्रश्न छापून दिले होते: तुम्ही काय मागता, का मागता, आणि कुणाच्या दबावाखाली किंवा कुणाच्या सोयीसाठी मागता आहात का. कागद अप्पांच्या मांडीवर होता. दारातून शब्द कळत नव्हते, पण बोलणं चालू आहे की थांबलंय एवढं कळत होतं, आणि थांबलं की तिला ओट्यावरचं काहीतरी हातात घेऊन पुसावं लागत होतं. एकदा ते खूप वेळ थांबलं. ती उठून दाराशी गेली, कडीला हात लावला, आणि ह्या वेळी खोलीत दुसरं कुणी नको हे आठवून कडीला हात लावून तशीच उभी राहिली. कायदे करणाऱ्यांना अशा दारामागे एकदा उभं करावं, बाजूचे दोन आणि विरोधातले दोन, सारख्या वेळासाठी. मग पलीकडे पुन्हा आवाज सुरू झाला.

अप्पा खुर्चीतच डोळे मिटून पडले. बोलण्याने ते इतके थकायचे की पुढचे दोन दिवस बहुतेक हातवाऱ्यांवरच भागवायचे, आणि महिना मंगळवारी संपत होता, म्हणजे हेच मुद्रण शेवटचं. तिने शेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, हेडफोन घातला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, माउसला हात न लावता, ऐकलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट होतं. दुसऱ्याचंही. तिसऱ्याला अप्पा म्हणाले होते, "दबाव कुणाचा नाही. मुलगा तर नकोच म्हणतो." मग ती लांबलेली शांतता आली, जिच्यात ती दाराशी उभी होती. त्या शांततेत अप्पा नुसते श्वास घेत होते, पाच-सहा वेळा, एकेक श्वास उचलून बाजूला ठेवल्यासारखा. मग: "मुलीने काल विचारलं. तिला मी भलतंच म्हणालो. थोडं तिच्यासाठी पण आहे. थोडं. असणारच. जन्मभर जे केलं त्यात थोडं घरच्यांसाठी नव्हतं असं एक काम दाखवा." श्वास. "पण म्हणून ते माझं नाही असं होत नाही."

तिने हेडफोन काढला. इतकं लांब वाक्य अप्पा एका दमात गेल्या वर्षभरात बोलले नव्हते. आणि समितीला हे चालणार नव्हतं हे कलम न वाचताही कळत होतं. 'तिच्यासाठी' एवढा एक शब्द पुरे होता. गोड आवाजाची बाई खेदाने कळवील, दुरुस्ती लागू होईल, आणि अप्पा स्टुलावर नाडी धरून बसतील, आणखी एक वर्ष, किंवा तीन. तिला काही करायचीच गरज नव्हती. खोटं बोलायला नको, आजारी पडायला नको. फक्त प्रामाणिकपणे, अखंड, जसंच्या तसं पाठवून द्यायचं, आणि बाप घरात राहतो. प्रामाणिकपणा आणि तिचा स्वार्थ एकमेकांच्या गळ्यात हात घालून उभे होते, आणि अप्पांना जे हवं होतं ते खोटेपणा केल्याशिवाय मिळणार नव्हतं. असा पेच घालणाऱ्यांना तिने मनातल्या मनात, बाजू न बघता, सगळ्यांना एकत्रच शिव्या घातल्या.

अप्पांनी डोळे उघडले तेव्हा तिने हेडफोनची तार काढली आणि तो भाग मोठ्याने लावला. त्यांनी आपला आवाज असा कधी ऐकला नव्हता. मान वाकडी करून, गाडीत काहीतरी वाजतंय आणि ते कुठून हे शोधणाऱ्या माणसासारखे ते ऐकत होते. "असा आवाज येतो?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, येतो. "रोज?" रोज.  मग ते शेवटच्या वाक्यांकडे बोट करून म्हणाले, "हे चालायचं नाही ना?"

"नाही."

"मग काप."

ती म्हणाली की ते खरं आहे, तुम्ही खरं बोललात. तिचा आवाज चढला होता. ती म्हणाली की कायदा म्हणतो अखंड, मी घराबाहेर काढल्यासारखी स्वयंपाकघरात बसून राहिले, आणि आता मलाच सांगता काप. अप्पांनी हात वर केला, थांब, दम घेऊ दे ह्या अर्थाने. तिला थांबावं लागलं. त्यांच्याशी भांडायचं म्हणजे दर वाक्याला असं थांबावं लागायचं आणि तोवर आपला राग पातळ व्हायचा, ही त्यांच्या आजारातली सगळ्यात अन्यायाची गोष्ट होती.

"समितीला कशाला सांगायचंय मला ते," अप्पा म्हणाले. "तुला सांगायचं होतं. तोंडावर जमत नाही. ऐकलंस ना? मग काप."

त्यांनी खुर्ची लॅपटॉपकडे वळवायला सांगितली. तिने वळवली. वाईट कापणं तिला येत होतं. सांध्यावर टिचकीसारखा एक बारीकसा आवाज ठेवला असता तरी तांत्रिक विभागाला निवेदन परत करायला पुरला असता, आणि अप्पांना तो ऐकू आला नसता. तिचं बोट तिथे जरा रेंगाळलं, हे खरं आहे. पण अप्पा पडद्याकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावर तिने कधीच न पाहिलेलं काहीतरी आलं, शिकवणाऱ्याची नव्हे, शिकाऊ माणसाची उत्सुकता. हे डोंगरासारखं काय? तो तुमचा आवाज. आणि हे सपाट? ते यंत्र. तिने 'मुलगा तर नकोच म्हणतो' नंतर कापलं, शेवटपर्यंत. पण नुसतं तिथे संपवलं तर तुटल्यासारखं वाटत होतं, म्हणून लांब शांततेतला एक पूर्ण श्वास, ओढ, अडकणं, सोडणं, असा अख्खाच्या अख्खा उचलला आणि सांध्यावर ठेवला. मग खाली यंत्राची घरघर सारखी केली. एकही श्वास तिने ह्या वेळी उडवला नाही. पुन्हा लावलं. अप्पांनी डोळे मिटून ऐकलं आणि कुठे कापलंय ते दाखव म्हणाले. तिने दाखवलं. त्यांनी पुन्हा ऐकलं आणि मान हलवली. "हे काम करतेस होय तू," ते म्हणाले. "अजिबात कळत नाही." तिला आयुष्यात मिळालेली ही पहिली दाद होती, आणि ती कशासाठी मिळाली हे आठवून तिला लॅपटॉप उचलून भिंतीवर मारावासा वाटला.

"पाठव," अप्पा म्हणाले. तिने पाठवलं. पोचल्याची खूण पडद्यावर आली, हिरवी, आणि दोघंही त्या खुणेकडे बघत राहिले. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, चुकत होतं, पुन्हा पुढे आणून पुन्हा मागे घेत होतं. अप्पांचा उजवा पाय खुर्चीखाली जमिनीवर दाबला गेला आणि सैल झाला. तिला खूप काही म्हणायचं होतं. ती बदली मी तुमच्यामुळे नाकारली नव्हती, मला त्या गावची हवा आवडत नाही, असं काहीतरी. ते अर्धं खरं होतं. किंवा, तुम्ही गेल्यावर मी रात्री कशाने जागी होऊ.  तिने एवढंच विचारलं, "थोडं म्हणजे किती, अप्पा?"

अप्पांनी उत्तर द्यायच्या आधी श्वास घेतला, मग दुसरा घेतला. ती थांबली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी दोन श्वासांमधली जागा तिला लहान वाटली.

"ते आपण कापलं ना आत्ता," अप्पा म्हणाले, आणि नाकातली नळी सारखी करून खिडकीकडे तोंड फिरवून बसले.

तिला त्यांचा राग आला. इतका राग तिला नवऱ्याचा आला नव्हता, दादाचा आला नव्हता, कायदा करणाऱ्यांचा आणि तो बदलणाऱ्यांचाही आला नव्हता. हा राग पुरवून पुरवून काढायला वर्षं लागली असती, आणि तिच्याकडे आता तेवढे दिवस नव्हते.